शब्दवेध : नाईक आणि नीके

उल्हासनगरच्या बाजारात Nike बुटावरच्या त्या बाकदार खुणेला सर्रास ‘नाईक’ म्हणतात. आपला नाईक ‘नायक’वरून, म्हणजे ‘नी’ (नेणे) या धातूतून आलेला. बुटावरचा मात्र ग्रीक ‘नीके’, विजय आणि त्याची पंखवाली देवताही. नाते शून्य. मग या परक्या शब्दाशी आपल्याला काय देणेघेणे? आहे. भारतीय-ग्रीक राजा अंतियाल्किदसाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘नीकेफोरोस’ आहे, विजय धारण करणारा. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृतात चोख भाषांतर, ‘जयधर’! अंबरनाथ-बदलापूरच्या ख्रिस्ती घरांत आढळणारी निकोलस, व्हेरोनिका ही नावेही याच कुळातली. उच्चार चुकतो म्हणून दुकानदाराला हसणाऱ्यांचा अमेरिकी ‘नायकी’ तरी कुठे मूळचा? खुद्द आजचे ग्रीक ‘नीकी’ म्हणतात.