फेंसावर तरंगणारी धातु

पाण्यांत दगड बुडतो आणि लांकूड तरंगतें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. शिशाचा खनिज दगड दळून पाण्यांत टाकला आणि त्याचे जड कण तेवढे वर येऊन हलकी वाळू तळाशीं गेली, तर तो चेटकाचा प्रकार वाटेल. परंतु आज जगांतील तांबें, शिसें आणि जस्त यांचा फार मोठा भाग याच उलट्या न्यायानें दगडापासून वेगळा होतो. या क्रियेला फेनतरण म्हणतात.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, हें कोणा गृहिणीला सांगावयास नको. गंधकयुक्त खनिजाच्या कणाचें पाण्याशीं असेंच वांकडें आलें, कीं तो हवेच्या बुडबुड्याला बिलगतो व फेंसाबरोबर वर येतो. वाळूचा कण ओला होऊन तळीं बसतो. खनिजाच्या अंगीं हा गुण आणणारें द्रव्य म्हणजे संग्राहक.

पहिला संग्राहक साधें तेल होता. तेल गंधकी खनिजांना चिकटतें, वाळूला चिकटत नाहीं, हें १८६० सालीं विल्यम हेन्स या इंग्रज गृहस्थानें आपल्या पेटंटांत नमूद केलें होतें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत कॅरी एव्हर्सन या बाईंना तेल व आम्ल यांच्या योजनेबद्दल पेटंट मिळालें. खनिजाच्या तेलकट पिशव्या धुतांना त्यांना हा शोध अवचित लागला, अशी कथा खाणवाल्यांत प्रसृत झाली. मला ती मुळींच पटत नाहीं. पण बाईनें शोध लावला तर तो धुणें धुतांनाच लागला असला पाहिजे, असें मानण्याची लोकांना हौस असते! १९१४ सालीं त्या वारल्या, तेव्हां त्यांच्या पेटंटाची १७ वर्षांची मुदत कधींच संपली होती.

१८९८ सालच्या एल्मोर यांच्या रीतींत दगडाच्या जवळजवळ वजनाइतकें तेल लागे. हा व्यवहार परवडणार किती? खरी निकड ऑस्ट्रेलियांतील ब्रोकन हिल येथें होती. तेथील खाणींतून शिसें व चांदी काढीत, आणि जस्त मात्र टाकाऊ चुऱ्याबरोबर बाहेर पडे. अशा चुऱ्याचे लक्षावधि टनांचे डोंगर गांवाशेजारीं उभे होते. संपत्ति डोळ्यांसमोर पडलेली, पण हातीं येत नव्हती. १९०२ च्या सुमारास पॉटर या मेलबर्नच्या मद्य गाळणाऱ्या गृहस्थानें व खाणीचे व्यवस्थापक देल्प्रा यांनीं ऊन आम्लांतून उठणाऱ्या बुडबुड्यांवर हें जस्त वर आणलें. (बुडबुड्यांचें महत्त्व मद्यवाल्याला अधिक कळावें, हें स्वाभाविकच.) १९०५ सालीं लंडनच्या सुलमन, पिकार्ड व बॅलट यांनीं दाखविलें कीं, तेल एक टक्क्याहूनहि कमी घालून मिश्रण जोरानें घुसळलें, तर हवेचाच दाट फेंस बनतो आणि काम उत्तम होतें.

आतां कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. माँटाना प्रांतांत हाइड नांवाच्या एंजिनियरानें ही रीत परवानगीवांचून चालविली. तें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९१६ सालीं एक टक्क्याखालील तेलापुरतें पेटंट ग्राह्य ठरलें. यावर एका कंपनीनें काढलेली तोड ऐकण्यासारखी आहे: तिनें मुद्दाम एक टक्क्याहून अधिक तेल ओतावयास आरंभ केला! थोडक्यांत होणारें काम कायद्याच्या भीतीनें उधळेपणानें करावयाचें.

तेलाची सद्दी संपविली ती रसायनशास्त्रानें. १९२१ सालीं पर्किन्स व सेअर यांनीं तेलाऐवजीं ठराविक घटनेचीं सेंद्रिय रसायनें वापरण्याचें पेटंट मिळविलें. १९२५ सालीं केलर यानें झँथेट पुढें आणलें. हें द्रव्य नवें नव्हतें. डेन्मार्कच्या झाइझे या रसायनज्ञानें तें १८२२ सालींच बनविलें होतें, व त्याच्या तांब्याच्या क्षाराच्या पिवळ्या रंगावरून त्याला ग्रीक नांव दिलें होतें. कृत्रिम रेशीम करतांनाहि लांकडाच्या लगद्याचें झँथेटच बनवितात. त्याच्या रेणूचें एक टोंक गंधकाचें असून तें धातूला धरतें. दुसरें टोंक मेणासारखें, पाण्याला पाठ फिरविणारें. म्हणून टनभर दगडाला कांहीं दशक ग्रॅम झँथेट पुरतें.

मेलबर्नचे इयन वार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत गुळगुळीत खनिजावर बुडबुडा टेकवून तो किती कोनांत चिकटतो हें मोजलें. इथाइल झँथेट घातल्यावर निरनिराळ्या खनिजांवर हा कोन सुमारें ६० अंशच भरे. म्हणजे बुडबुडा खनिजाला पाहत नाहीं, त्याच्या अंगावरील आंगरख्याला पाहतो.

हा आंगरखा कोणाला घालावयाचा व कोणाला नाहीं, हेंहि आतां हातीं आलें होतें. १९२२ सालीं शेरिडन व ग्रिझवोल्ड यांनीं सायनाइडच्या अल्प मात्रेनें जस्ताचें खनिज खालीं दाबून ठेवण्याची युक्ति काढली. आधीं शिसें वर येतें. मग मोरचूद घातला कीं जस्त जागें होतें. मोरचूदाचा हा गुण ब्रॅडफर्ड यांनीं ब्रोकन हिल येथेंच १९१३ सालीं दाखविला होता. झँथेट मात्र आजहि कोरड्या जागीं सांभाळून ठेवावें लागतें. ओल लागली कीं त्यांतून कार्बन डायसल्फाइडची विषारी, चटकन् पेटणारी वाफ निघते.