सुखनाची वाट आणि सुखोमाजरीचा बांध

बदलीची ऑर्डर घेऊन चंडीगढला उतरलो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मी मूळचा पुण्याचा. नव्या गावात गेलो की आधी नदी शोधायची, ही जुनी सवय. ऑफिसातल्या सरदारजींना विचारले, "इथे नदी कुठे आहे?" ते हसून म्हणाले, "नदी नहीं जी, चो है." चो म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा ओढा. पावसाळ्यात उसळायचे आणि एरवी कोरडे पडून राहायचे, हा त्याचा स्वभाव. त्याच संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर बसवून सुखना तलावावर नेले. बांधाच्या माथ्यावरून गावातले लहानथोर निवांत फिरत होते. तिकीट नाही, मोटारींचा त्रास नाही, समोर कसौलीचे डोंगर. तेव्हापासून ही वाट माझी झाली.

या वाटेचा खर्च कोणी केला आणि तो कुठे कुठे झाला, ही हकिगत मनोरंजक आहे. आपल्या मंडळातील नव्या मंडळींसाठी ती थोडक्यात सांगतो.

फाळणीनंतर पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५० साली पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी वास्तुशिल्पी शोधायला युरोपात गेले आणि ल कार्बुझिए यांना घेऊन आले. शहराला बारमाही नदी नव्हती, म्हणून १९५८ मध्ये सुखना चोवर मातीचा बांध घालून तलाव करण्यात आला. नागरिकांनी रोजच्या धकाधकीतून सुटून शांतपणे निसर्गाचा आनंद घ्यावा यासाठी हा तलाव आणि बांध त्यांना अर्पण केला आहे, अशा आशयाचा लेख तिथे कोरलेला आहे. कार्बुझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे यांच्या अस्थी १९७० मध्ये याच पाण्यात विसर्जित करण्यात आल्या.

शहराच्या पोटातून दुसरा एक ओढा जातो, एन-चो. त्याचे खोलगट पात्र बुजवून प्लॉट पाडणे सोपे होते. तसे न करता त्याच्या काठाने सुमारे आठ किलोमीटर लांबीची बागांची माळ गुंफली, तीच आपली लेझर व्हॅली. डॉ. एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये झालेला सेक्टर १६ मधला रोझ गार्डन हा तिचाच एक मणी. १ नोव्हेंबर १९६६ रोजी चंडीगढ केंद्रशासित झाले आणि प्रशासनाच्या खर्चाचा भार केंद्राच्या अंदाजपत्रकावर आला. म्हणजे सुखनावरच्या आपल्या फेरफटक्यात सांगली-सोलापूरच्या करदात्याचाही वाटा आहे!

पण पैसा ओतून वाट बांधली की काम संपते, असे नाही. शिवालिकची माती भुसभुशीत. चराई आणि तोडीने टेकड्या बोडक्या झालेल्या. दर पावसाळ्यात चो गाळ घेऊन यायचा आणि तलावात टाकायचा. पहिल्या तीस वर्षांत तलावाची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता गेली. गाळ उपसण्यावर खर्च होत राहिला. उन्हाळ्यात नागरिकांचे श्रमदानही चाले. मीही एका रविवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर घमेली वाहिली आहेत. आम्ही दिवसभर उपसलेला गाळ एक जोराचा पाऊस परत आणून टाकील, असे शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले. तेव्हा राग आला होता, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

याचे उत्तर तलावापासून दूर, पिंजोरजवळच्या सुखोमाजरी नावाच्या छोट्या गावात सापडले होते. सत्तरच्या दशकात केंद्रीय मृद व जलसंधारण संस्थेच्या चंडीगढ केंद्रातील पी. आर. मिश्र यांनी गाळाचा माग काढला. त्याचा मोठा भाग या गावाभोवतीच्या उघड्या टेकड्यांवरून येत होता. पण गावकऱ्यांना शेळ्या सोडू नका असे नुसते सांगून काय होणार? शहराच्या तलावासाठी त्यांनी उपाशी का राहावे? म्हणून १९७६ पासून तिथे छोटे मातीचे बांध घातले गेले. साठलेले पाणी शेताला मिळाले आणि त्यात भूमिहीनांनाही वाटा मिळाला. मग गावानेच टेकडीवरची मोकाट चराई बंद केली. गवत वाढले, शेळ्यांच्या जागी म्हशी आल्या, पिके वाढली आणि खाली येणारा गाळ घटला. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आपल्याला ठाऊक आहे. त्याच जातीची ही गोष्ट, फक्त शिवालिकच्या पायथ्याची.

पुढे १९८८ मध्ये सुखनाला राष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये पाणलोटातील सुमारे २६ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झाले. बंधारे आणि वृक्षलागवडीवर सरकारी पैसा खर्च झाला. फिरायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हा खर्च दिसतो, कारण त्यावर ना फरशी असते ना दिवे.

हे सारे आज आठवण्याचे कारण आपले पुणे. तिथे मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांच्या सुशोभीकरणाची सुमारे ४,७०० कोटींची योजना आहे. मार्च २०२२ मध्ये तिची कोनशिला बसली. सांडपाणी शुद्ध करण्याचा सुमारे ९९० कोटींचा वेगळा प्रकल्प त्याआधी, २०१६ मध्ये, मंजूर झाला होता. आधी काठ की आधी पाणी, यावर तिथे वाद आहे. मी तज्ज्ञ नाही. पण तीस वर्षे सुखनावर चालून एवढे कळले, की काठावर केलेला खर्च फोटोत येतो, आणि वरच्या अंगाला केलेला खर्च पाणी टिकवतो. दुसरा टाळला तर पहिलाही वाया जातो.

गेली काही वर्षे आमच्या घरचा शाडूचा गणपती आम्ही बादलीतच विसर्जित करतो. ती माती कुंडीत जाते, तलावात नाही. यंदा विसर्जनानंतर संध्याकाळी बांधावर फिरायला जाल, तेव्हा घटकाभर सुखोमाजरीची आठवण काढा. आपल्या पायाखालची वाट त्या गावानेही राखली आहे.

गणपती बाप्पा मोरया!