पिंपरीची बुरशीची शेती

पावसाळ्यात ढेपेला बुरशी चढली म्हणजे आपण ती ढेप जनावरांपुढून काढून टाकतो. पण बुरशीचीच शेती करण्यासाठी आपल्या सरकारने एक कारखाना उभारला होता, हे ठाऊक आहे का?

1928 साली फ्लेमिंग यांना लंडनमध्ये पेनिसिलिनचा शोध लागला. पण शोध लागला म्हणजे औषध हाती आले असे नव्हे, बरं का! 1941 मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते टोचले. माणूस सुधारू लागला. त्याच्या लघवीतून गेलेले औषध गाळून पुन्हा त्यालाच दिले, तरी साठा संपला आणि तो दगावला. अडचण होती ती पिकवण्याची.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य दिले, आणि 1955 मध्ये उत्पादन सुरू झाले. तोवर पेनिसिलिनसाठी आपण परदेशाच्या तोंडाकडे पाहत होतो.

आता ही शेती होते कशी? बियाणे म्हणजे कुपीत जपलेले बुरशीचे बीजाणू. ते आधी काचपात्रात, मग लहान टाकीत वाढवायचे. गादीवाफ्यावर रोप करतो ना, तसेच. मग मोठ्या टाकीत लावणी. तिथे खत म्हणून साखर, क्षार आणि मक्याचा अर्क; शेंगदाण्याच्या ढेपेचे किंवा सरकीचे पीठही या कामी चालते. टाकी आधी वाफेने निर्जंतुक करतात. पुढे पाचसहा दिवस गाळलेली हवा सोडत, सुमारे 25 अंशांवर ती घुसळत ठेवतात. नंतर बुरशी गाळून काढायची आणि उरलेल्या पाण्यातले औषध थंडाव्यात चटकन वेगळे करायचे. उशीर झाला की ते नासते.

या शेतात तण मात्र एकही चालत नाही. बाहेरचा एखादा जंतू शिरला आणि त्याने पेनिसिलिनेज नावाचे विकर सोडले, की टाकीतले औषध फस्त! गंमत अशी, की दुसरे एक विकर उपकारकही आहे. ते पेनिसिलिनचा रेणू नेमका कापते. उरलेल्या गाभ्यापासून अँपिसिलिनसारखी नवी औषधे करता येतात.

पिंपरीने नुसती उसनवारी केली नाही. डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास तिथे ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ आहे! पाठोपाठ ‘ऑरिओफंगिन’ आले, ते पिकांसाठी. लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्यावर त्याची शिफारस झाली. डिंक्या काय चीज आहे, हे वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना मी काय सांगावे?

पुढे मात्र परदेशातून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त माल येऊ लागला आणि मूळ पेनिसिलिन पिकवणे देशात जवळजवळ थांबले. औषधे इथे बनत राहिली, पण त्यांचा कच्चा माल बाहेरचा. अखेर 2020 साली केंद्र सरकारने पेनिसिलिन पुन्हा देशात तयार व्हावे म्हणून अनुदानाची योजना काढली, आणि काही वर्षांनी आंध्रात काकीनाड्याजवळ नव्या टाक्या उभ्या राहिल्या.