गलबताचा तळ

मराठी आरमाराचा इतिहास आपण बहुधा तोफांच्या आवाजावरून ओळखतों. कान्होजी, तुळाजी, आनंदराव धुळप हीं नांवें व त्यांचे सन मीं शाळेंत अनेक वर्षें पाठ करवून घेतले. परंतु गलबतावर तोफ चढविण्यापूर्वीं त्याचा तळ खरवडावा लागतो, ही गोष्ट मीं एकाहि वर्गाला सांगितली नाहीं. ती उणीव आज भरून काढतों.

लांकडी जहाज समुद्रांत राहिलें कीं बुडाला प्रथम शेवाळ धरतें, मग कालवें व शिंपले चिकटतात. बूड खडबडीत झालें म्हणजे वारा अनुकूल असूनहि वेग मरतो. दुसरा शत्रु अधिक कपटी. टेरेडो हा दिसण्यांत किडा, पण वास्तविक शिंपल्याच्याच जातीचा प्राणी. बारीकसें भोंक पाडून तो आंत शिरतो आणि फळी वरून धड दिसत असतां आंतून पोखरून टाकतो.

यावर उपाय म्हणजे तेल, राळ, चुना, चरबी यांचा लेप. तो जुना झाला कीं जहाज उथळ पाण्यांत आणून ओहोटीच्या वेळीं एका कुशीवर कलतें करीत, तळाखालीं गवताचा जाळ फिरवून जुना थर मऊ करीत, तो खरवडून काढीत, सांध्यांत नवें सूत ठासून ताजा लेप चढवीत. जाळ कमी पडला तर थर सुटत नाहीं. अधिक झाला तर फळीच पेट घेते. काम जाणत्या हाताचें.

मराठ्यांना त्याचें महत्त्व कळत होतें. विजयदुर्गापासून सुमारें दोन मैलांवर, वाघोटन खाडींत, खडकांत खोदलेली गोदी आहे. लांबी सुमारें ३५५ फूट, रुंदी २२७ फूट. तेथें जहाजें बांधीत व दुरुस्त करीत.

पण १७५५ सालीं आमच्याच पुण्याहून नानासाहेब पेशव्यांनीं तुळाजीविरुद्ध इंग्रजांशीं हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसनच्या ताफ्याचा एक गोळा किल्ल्याखालीं एकत्र बांधलेल्या जहाजांपैकीं एकावर पडला, आणि तेलराळ मुरलेलें तें आरमार पाहतां पाहतां जळून गेलें. पुढें धुळपांनीं पेशव्यांचें आरमार सांभाळलें, १७८३ सालीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाजहि पकडलें.

तोंपर्यंत इंग्रज मात्र तळाच्या विद्येंत पुढें गेले होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. १७५० सालीं तेथें कोरडी गोदी झाली. १७६१ सालीं 'अलार्म' जहाजाच्या बुडाला त्यांनीं तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला व १७७९ पासून साऱ्या आरमाराला तो लावण्यास आरंभ केला. तांब्यापुढें किडा व कालवें यांचें फारसें चालत नाहीं.

ऑक्टोबर १८१७ मध्यें वाडियांनीं बांधलेलें सागवानी 'त्रिंकोमाली' मुंबईस पाण्यांत उतरलें. पुढच्याच महिन्यांत शनिवारवाड्यावर परकें निशाण लागलें. तें जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. कारागीर आमचे होते. पण त्यांची कदर दुसऱ्यांनीं केली.

आपण विजयदुर्गास जाल तेव्हां बुरूज पाहून परतूं नका. मुलांना त्या गोदीपर्यंत न्या, आणि तळ खरवडणाऱ्या अनाम हातांचें स्मरण करा.