वैमानिकाने घडवलेला काचेचा पंप

शरीराबाहेर काढलेला अवयव जिवंत ठेवायचा, तर त्याच्या वाहिन्यांतून प्राणवायूयुक्त पोषक द्रव अखंड आणि नेमक्या दाबाने वाहता राहिला पाहिजे. दाब घटला की पेशींची उपासमार होते. वाढला की द्रव बाहेर झिरपून अवयव सुजतो.

१८९५ साली जर्मनीतील रोस्टॉक येथे ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी सस्तन प्राण्याचे सुटे हृदय धडधडते ठेवून दाखवले. महारोहिणीत द्रव उलट दिशेने सोडला, की तिच्या मुखाशी असलेली झडप मिटते आणि त्या द्रवाला हृदयाच्याच स्नायूंना पोसणाऱ्या धमन्यांत शिरावे लागते. युक्ती इतकी साधी, की ती आजही वापरात आहे!

दाबासाठी द्रवपात्र उंचावर टांगले तरी भागते. मात्र पात्र रिते होऊ लागले, की पातळीबरोबर दाबही उतरतो. त्यावरचा उपाय सतराव्या शतकातील फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एदमे मारिओत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाटलीत सापडतो. घट्ट बुचातून हवेची नळी द्रवात खोल बुडवायची. मग दाब ठरतो तो नळीच्या खालच्या टोकाच्या उंचीवरून. द्रवाची पातळी त्या टोकाखाली जाईपर्यंत धार एकसारखी राहते.

अवयव दिवसच्या दिवस टिकवायचा, तर जंतूंशी गाठ होती. पंपाचे सांधे आणि हलते भाग म्हणजे त्यांना उघडी वाटच.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत नोबेलविजेते शल्यविशारद अलेक्सी कॅरेल यांच्याकडे एक अनपेक्षित मनुष्य आला : अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग. पत्नीची थोरली बहीण एलिझाबेथ हिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती, आणि हृदयावर शस्त्रक्रिया का करता येत नाही, हा प्रश्न या यंत्रवेड्या माणसाला स्वस्थ बसू देत नव्हता.

अनेक फसलेल्या आराखड्यांनंतर त्याने काचेचा पंप सिद्ध केला. कापसातून गाळलेल्या हवेच्या दाबाचे ठोके द्रवाला अवयवाकडे वर ढकलत. तेथून तो आपल्या भारानेच खाली परते. दांडा नाही, दट्ट्या नाही. एप्रिल १९३५ मध्ये मांजराची अवटू ग्रंथी या पंपात जगली, तीही १८ दिवस. वृत्तपत्रांनी त्याला ‘कृत्रिम हृदय’ म्हटले. ही अतिशयोक्तीच, कारण जिवंत माणसाच्या हृदयाचे काम त्याला पेलणारे नव्हते.

एलिझाबेथ चार महिने आधीच, डिसेंबर १९३४ मध्ये, निवर्तली होती.