‘संगीत खुर्ची’: एका खेळाच्या नावाचा अर्थविस्तार

गड्यांपेक्षा एक खुर्ची कमी मांडावयाची, वाद्य थांबताच जागा पटकावयाची, उभा राहील तो बाद आणि प्रत्येक फेरीस एक खुर्ची उचलावयाची, हा संगीत खुर्चीचा नियम सर्वपरिचित आहे. या नावाचा राजकीय अर्थ कसा सिद्ध झाला, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हे नाव इंग्रजी नावाचे भाषांतर असले, तरी त्याची घडण मराठी वळणाची आहे. ‘संगीत’ हे नाम विशेषणासारखे पुढे जोडण्याची रीत १८८०च्या ‘संगीत शाकुंतला’पासून आपल्या रंगभूमीने रूढ केलेली होती. ‘खुर्ची’ हा शब्द मूळ अरबी ‘कुर्सी’पासून आला असून त्याला अधिकारपदाचा लाक्षणिक अर्थ मराठीत आहेच. जर्मन भाषेत याच खेळास ‘यरुशलेमची यात्रा’ म्हणतात. तेथे लक्ष प्रवासाकडे आहे, आसनाकडे नाही. मराठीत नावातच खुर्ची असल्याने राजकीय अर्थाची वाट सुगम झाली.

परंतु या अर्थविस्तारात खेळाचा मुख्य नियम गळाला. जून १९८० ते मार्च १९८६ या काळात अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण हे क्रमाने मुख्यमंत्री झाले. पैकी वसंतदादा व शंकरराव पूर्वीही त्या पदावर होऊन गेले होते. म्हणजे खुर्ची एकच राहिली आणि बाद झालेला गडी पुन्हा खेळात आला. मूळ खेळात या दोन्ही गोष्टी संभवत नाहीत.

बोदवडसारख्या भागात हा भेद अधिक स्पष्ट होतो. जळगाव जिल्ह्यातील ग्रामपंचायतींच्या वृत्तांत ‘आवर्तन पद्धतीने राजीनामा’ हा शब्दप्रयोग नित्याचा आहे. गटातील सदस्यांनी आपसांत मुदत वाटून घ्यावी आणि ठरल्या वेळी एकाने उठून दुसऱ्यास जागा द्यावी, अशी ही रीत. तिला संगीत खुर्ची म्हटले जाते. पण तिला जवळचा शब्द ‘खो’ हा होय. खो-खोत पाठलाग करणारा आपल्याच संघातील बसलेल्या गड्यास उठवितो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. येथेही उठविणारा स्वपक्षीयच असतो.

सरपंचपदाच्या आरक्षणाचे चक्रानुक्रम मात्र याहून सर्वस्वी निराळे आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश पदे राखली. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. हे चक्र कायद्याने फिरते, खाजगी करारान्वये नव्हे. दोहोंना एकच नाव दिले, तर आपसांतील वाटणीविषयीचा उपहास न्याय्य हक्काने पदावर आलेल्या स्त्रीच्या वाट्यास येतो. अभ्यासकाने लाक्षणिक शब्दाची नोंद करताना तो कोणाविषयी वापरला आहे, हेही नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे.