वाचता येणारी रेषा

मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा चित्रकाराच्या अंगाने. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, सुभाष अवचट ही नावे घेतली की विषय संपतो. त्यांची चित्रे कागदावर काढलेली होती. गेल्या तीसेक वर्षांतली बहुतेक मुखपृष्ठे मात्र संगणकावर तयार झाली आणि त्यांचे मूळ म्हणजे एक फाइल. ती कोणत्या आज्ञावलीत केली, आज ती उघडते का, आणि उघडलीच तर तिच्यातले मराठी हे मराठी म्हणून वाचता येते का, असे प्रश्न पुस्तकाच्या इतिहासात अजून कोणी फारसे विचारत नाही. इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत मुखपृष्ठे करून पाहू लागल्यावर हे प्रश्न मला टाळता येईनात, आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता रेषेच्याच इतिहासात शिरावे लागले.

संगणकावरचे चित्र दोन प्रकारांनी साठवता येते. छायाचित्राप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी, किंवा ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा वक्र काढ’ अशा सूचनांनी. दुसऱ्या प्रकाराला व्हेक्टर अथवा सदिश चित्र म्हणतात. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही, कारण प्रत्येक वेळी ते नव्याने काढले जाते. संगीताच्या ध्वनिमुद्रणात आणि स्वरलिपीत जो फरक आहे तोच येथेही आहे.

या सूचनांतला वक्र मोटारींच्या कारखान्यातून आला. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तल्यो या गणितज्ञाने १९५९ मध्ये तो काढण्याची रीत शोधली. गाडीच्या पत्र्याचा बाक कारागिराच्या हाताच्या अंदाजावर न सोडता आकड्यांत बांधायचा होता. कंपनीने ही रीत गुप्त ठेवली. रेनॉमधील अभियंता पिएर बेझिए याने स्वतंत्रपणे तशीच पद्धत शोधली आणि साठच्या दशकात ती प्रसिद्ध केली. वक्राला नाव मिळाले ते बेझिएचे. प्रकाशित करणाऱ्याचे नाव राहते आणि दडवून ठेवलेल्याचे मागे पडते, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. पुढची सगळी कहाणी मात्र याच दोन वृत्तींमधली आहे.

१९८४ साली अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही छपाईयंत्राला सूचना देणारी भाषा आणली. तिच्यात बेझिएचाच वक्र होता, आणि चित्राइतकाच तो अक्षरालाही लागू होता. अक्षर आणि चित्र एकाच द्रव्याची झाली. १९८७ मध्ये त्याच कंपनीची इलस्ट्रेटर ही आज्ञावली बाजारात आली. तिच्या खोक्यावर बोत्तिचेल्लीच्या व्हीनसचा चेहरा होता. दोन वर्षांनी कॅनडातून कोरलड्रॉ आली. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकाच्या जाहिरातीपर्यंत सारे काही करणारी ती हीच. ‘कोरलमध्ये करून दे’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने मराठी छपाईच्या धंद्यात पाऊल ठेवलेले नाही, असे खुशाल समजावे.

येथे मराठी अक्षरांपुढे एक पेच उभा राहिला. त्या काळच्या टंकांत अडीचशेच्या आतच जागा असत आणि त्या रोमन लिपी गृहीत धरून आखलेल्या होत्या. देवनागरी टंक करणाऱ्यांनी युक्ती काढली: रोमन अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी व्यंजने आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले. पुण्याच्या श्री-लिपीसारख्या पॅकेजांनी या युक्तीवर मराठी छपाईची दोन दशके तोलून धरली, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पडद्यावर व कागदावर मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ होती. टंक बदलला की कवितासंग्रहाचे शीर्षक क्षणात बाराखडीबाहेरचे काहीतरी होऊन बसे. यावर उपाय म्हणून छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे वक्रांत रूपांतर करण्याची प्रथा पडली. हा उपाय छपाईपुरता अचूक आहे. पण रूपांतर झाल्यावर त्या फाइलीत शब्द उरत नाही, शब्दाची आकृती उरते.

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ टंक र. कृ. जोशी यांनी घडवला होता. सुलेखन, जाहिरातकला आणि दृश्यकविता या तिन्ही क्षेत्रांत वावरलेला हा माणूस होता. तरीही आरेखनाच्या आज्ञावल्यांत युनिकोडमधली जोडाक्षरे नीट जुळायला पुढे बरीच वर्षे गेली. पत्रे आणि लेख युनिकोडमध्ये लिहिले जाऊ लागले, मुखपृष्ठे जुन्याच टंकांत होत राहिली.

दरम्यान महाजालावर दुसरीच गोष्ट चालू होती. १९९८ मध्ये सदिश चित्रांसाठी एकमेकांशी स्पर्धा करणारे अनेक प्रस्ताव वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमपुढे आले. त्यांत एक अडोबी व तिच्या सहकाऱ्यांचा होता, तर एक मायक्रोसॉफ्ट आणि तिच्या सोबत्यांचा. संस्थेने कोणताही एक न निवडता नवे प्रमाण घडवले आणि सप्टेंबर २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ ही अधिकृत शिफारस झाली. तिचे वैशिष्ट्य असे की चित्राची फाइल हा साधा मजकूर असतो. कोणत्याही मजकूर-संपादकात ती उघडावी आणि वाचावी.

हे प्रमाण पूर्ण होण्याआधीच राफ लेव्हियन यांनी ग्नोम प्रकल्पासाठी ‘गिल’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली होती. एस्टोनियाच्या लाउरिस काप्लिन्स्की यांनी ती पुढे नेऊन ‘सोडिपोडी’ उभी केली. हे नाव एस्टोनियन बालभाषेतले, अर्थ साधारण ‘खिचडी’. २००३ मध्ये टेड गोल्ड, ब्राइस हॅरिंग्टन, नेथन हर्स्ट आणि मेंटलगाय या टोपणनावाने वावरणारा आणखी एक जण असे चौघे वेगळे झाले आणि त्यांनी तिची शाखा काढली. तीच इंकस्केप. एसव्हीजीचे प्रमाण काटेकोर पाळायचे, अंतर्भाग सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहायचा आणि नवख्यांच्या सुधारणांना दार उघडे ठेवायचे, ही त्यांची भूमिका. खाजगी मालकीच्या आज्ञावलीत अशी फूट पडती तर प्रकरण न्यायालयात गेले असते. येथे मूळ संहिताच जीपीएल परवान्याखाली असल्याने शाखा काढण्याचा हक्क प्रत्येकाला होता. एका पोथीच्या दोन पाठपरंपरा निघाव्यात तसे हे झाले. मूळ पाठ मागे पडला आणि नवा रूढ झाला.

‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतला भेद आपल्याकडे सहसा कोणी करत नाही, कारण महागड्या आज्ञावल्यांच्या बिनपरवाना प्रती वर्षानुवर्षे फुकटच फिरत होत्या. म्हणून ‘पैसे पडत नाहीत’ हा इंकस्केपचा गुण मराठी आरेखकाला फारसा भुलवत नाही. तिची खरी परीक्षा कामात होते.

कामाला बसल्यावर प्रथम जाणवतो तो संथपणा, विशेषतः छाया आणि धूसरता यांचे थर वाढले की. वक्र हाताळण्याचे साधन मात्र उत्तम आहे: रेषेवरच कोठेही पकडून ती वाकवता येते, दर वेळी टोकाची मूठ शोधावी लागत नाही. सुलेखनाच्या लेखणीने मला अधिक गुंतवले. तिच्या टाकाचा कोन आकड्याने ठरवता येतो, आणि मूळ मांडणीतला कोन रोमन वळणाचा, ३० अंशांचा असतो. देवनागरीच्या बोरूची कापणी उलट कलाची. कोनाचा आकडा उणे केला की ‘अ’ आणि ‘त’ यांची जाडी-बारीकी आपल्या जागी येते. परक्या वळणाची लेखणी एका वजाबाकीच्या चिन्हाने आपली होते, हे पाहण्याचा आनंद काही वेगळाच.

आणि मग मजकूर. इंकस्केप अक्षरजुळणीचे काम पँगो या मुक्त ग्रंथालयावर सोपवते. त्यामुळे युनिकोडमधले ‘ज्ञानेश्वरी’ किंवा ‘श्रद्धांजली’ हे शब्द जसे लिहावेत तसे, कोणत्याही युक्तीविना, चित्राच्या पटलावर उमटतात. लोहित, मुक्त, बलू यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी टंक हाताशी आहेत. शेवटचे दोन मुंबईच्या एक टाइपचे. फाइल उघडून वाचली तर वक्राच्या ओळीत एक रोमन अक्षर आणि त्यामागे आकड्यांच्या जोड्या दिसतात. ‘सी’ या अक्षरामागे तीन जोड्या असतात, दोन वक्राला ओढणाऱ्या बिंदूंच्या आणि तिसरी त्याच्या टोकाची. बेझिएचे गणित तेथे उघड्यावर पडलेले असते. त्याच्याच खाली, आकड्यांच्या गर्दीत, कवितासंग्रहाचे शीर्षक सरळ मराठीत लिहिलेले असते. ते शोधता येते, नकलून घेता येते, त्यातले शुद्धलेखन तपासता येते.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. एसव्हीजीचे रंग पडद्यासाठी कल्पिलेले; छापखान्याला लागणारी चार शायांची विभागणी इंकस्केपमध्ये वर्षानुवर्षे नव्हती. त्यासाठी स्क्रायबस या दुसऱ्या मुक्त आज्ञावलीकडे वळावे, तर तिच्यात देवनागरीची जोडाक्षरे २०१७ च्या सुमारास नीट जुळू लागली, तीही प्रायोगिक आवृत्तीत. तोवर मराठी आरेखकाला अखेरीस अक्षरांचे वक्र करूनच पुढे जावे लागे, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप केला तीच शेवटच्या पायरीवर सोडून द्यावी लागे. खुले प्रमाण म्हणजे अजर असेही नाही. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीने एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल मानायला सुरुवात केली. कारण योग्य होते, वेबचे प्रमाण तेच होते. पण पिक्सेलांत मोजलेली जुनी चित्रे त्यामुळे कागदावर सव्वासहा टक्क्यांनी लहान भरू लागली. पुस्तकाच्या कण्याची रुंदी मिलिमीटरात मोजणाऱ्याला हा फरक परवडत नाही. फरक एवढाच, की त्याचे कारण जाहीर होते आणि फाइलीतला आकडा स्वतः दुरुस्त करता येत होता. १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये आली, शाखा निघाल्यानंतर सोळा वर्षे उलटून गेल्यावर.

मी सध्या प्रत्येक मुखपृष्ठाच्या दोन फाइली ठेवतो. एक वक्रांची, छापखान्यासाठी. दुसरी अक्षरांची, तिच्यात शीर्षक, कवीचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि वापरलेल्या टंकाचे नाव युनिकोड मराठीत असते. प्रकाशकाला दोन्ही देतो. पहिली तो लगेच छापखान्याकडे पाठवतो. दुसरीचे काय करायचे, असे तो विचारतो, आणि मी त्याला पुस्तकाच्या हस्तलिखिताशेजारी ठेवायला सांगतो.